पॉइंट कुणाचा?

२६ ऑगस्ट २०२२ च्या संध्याकाळी घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहतं घर उभ्याचं उभं जमिनीत गेलं. हादरा जाणवताच घरातली माणसं बाहेर पळाली म्हणून वाचली. मागे राहिला साठ-सत्तर फूट खोल खड्डा. खाली जुन्या भूमिगत कोळसाखाणीची पोकळी होती. आजूबाजूच्या कुटुंबांना प्रशासनाने दुसरीकडे हलवलं.

आता समजा, त्या खड्ड्यापासून चार घरं सोडून एका फौजी जवानाचं घर आहे. नवरा कुपवाड्याला. घरात बायको, दोन लेकरं आणि गुडघ्याने अधू झालेली सासू. शेजारीपाजारी ज्या दारांत जातील, म्हणजे वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स ही कोळसा कंपनी), नगरपरिषद, तहसील, तिथे तीही जाईल. पण तिच्यासाठी आणखी एक दार आहे, जे शेजाऱ्यांना नाही. ते म्हणजे नवऱ्याच्या पलटणीचं. ते कुठल्या दिशेला उघडतं हे तिला लग्नात कुणी सांगितलेलं नसतं. नवरा फोनवर म्हणतो, “साहेबांशी बोलतो.” मग चार दिवस रेंज नसते.

जवान स्वतः का बोलत नाही, हा प्रश्न गावात नेहमी निघतो. खाणीतल्या कामगाराला युनियन आहे, सिमेंट कारखान्यातल्याला आहे, शिक्षकालासुद्धा आहे. घुग्घुससारख्या गावात तर मोर्चा, गेटबंद आंदोलन आणि धरणं यांची सवय लहान पोरांनाही असते. फौजीला यातलं काहीच करता येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३३ ने संसदेला सैन्याचे मूलभूत हक्क आवळण्याची मुभा दिली आणि १९५० च्या लष्कर कायद्याच्या कलम २१ ने ते आवळले. संघटना काढायची नाही, वर्तमानपत्राशी बोलायचं नाही, राजकीय सभेत जायचं नाही. पोलिसांसाठी असाच कायदा १९६६ मध्ये झाला. कारण उघड आहे. हातात शस्त्र असलेल्या माणसांनी संप केला तर तो संप उरत नाही.

पण हा कायदा जवानाला लागतो, त्याच्या बायकोला नाही. ती अर्ज करू शकते, आमदाराला भेटू शकते, उपोषणाला बसू शकते. कागदावर ती घुग्घुसच्या कुठल्याही बाईइतकीच मोकळी आहे. व्यवहारात मात्र तिने काही केलं की विचारणा त्याला होते: “घरी काय चाललंय? बायकोला समजवा.” हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, तरी प्रत्येक फौजी घराला माहीत असतं. म्हणून बहुतेक बायका गप्प बसतात, आणि गप्प बसलेल्या बायकांना शिस्तीची समजलं जातं.

शिस्तीच्या चौकटीत गाऱ्हाणं मांडायची जागा लष्कराने जुनीच ठेवली आहे. तिचं नाव दरबार. आता अधिकृत नाव सैनिक संमेलन, पण जुन्या सुभेदारांच्या तोंडी अजून दरबारच. साधारण महिन्यातून एकदा सीओ, म्हणजे पलटणीचा प्रमुख, सगळ्या जवानांसमोर उभा राहतो. महिन्याभराची हकिगत सांगतो, शाबासकी देतो, कानउघाडणी करतो, आणि मग विचारतो: कुणाचा काही पॉइंट? फौजेत तक्रार हा शब्द सहसा वापरत नाहीत. पॉइंट असतो. कुकहाऊसच्या डाळीचा पॉइंट, क्वार्टरच्या गळक्या छपराचा पॉइंट, रजेवर जाताना रेल्वे स्टेशनपर्यंत गाडी मिळत नाही हा पॉइंट.

या शब्दातली युक्ती लक्षात घेण्याजोगी आहे. तक्रार कुणावर तरी असते, पॉइंट कशाबद्दल तरी असतो. इमारती-पाणी बघणाऱ्या खात्याबद्दल “एमईएसवाले कामचुकार आहेत” असं म्हटलं की सभेत ताण येतो. “ब्लॉक चारमधल्या आठ क्वार्टरांना सकाळी पाणी चढत नाही” म्हटलं की साहेब लिहून घेतो. शेवटी त्यालाही वर काहीतरी कळवायचं असतं, आणि आठ हा आकडा कळवता येतो.

मात्र दरबारात सगळेच पॉइंट पोचत नाहीत. आधी कंपनीत विचारलं जातं, तिथे ज्येष्ठ जेसीओ, म्हणजे सुभेदार दर्जाचा अधिकारी, चाळणी लावतो. “हे कशाला मोठ्या साहेबांपुढे, मीच बघतो” असं म्हणून निम्मे तिथेच राहतात. काही तो खरोखर बघतो, हेही खरं. चाळणी नसती तर सीओचा दिवस चपलांच्या मापात गेला असता. पण छिद्रं किती मोठी ठेवायची हे ज्याच्या हातात, त्याच्याबद्दलच पॉइंट असला तर? त्यासाठी लष्कर कायद्याचं कलम २६ आहे. वरिष्ठाकडून अन्याय झाला असं वाटणारा जवान कंपनी कमांडरकडे, कमांडरबद्दलच म्हणणं असेल तर त्याच्या वरच्याकडे दाद मागू शकतो. कायद्याने दिलेला हक्क आहे, पण वापरायला छाती लागते.

ही चाळणी किती बारीक झाली होती ते जानेवारी २०१७ मध्ये देशाला दिसलं. सीमा सुरक्षा दलाच्या तेजबहादूर यादव यांनी पातळ डाळ आणि करपलेल्या रोटीचा व्हिडिओ टाकला. पाठोपाठ लष्करातल्या जवानांचेही व्हिडिओ आले. यादव यांना पुढे बडतर्फ करण्यात आलं. पण त्याच महिन्यात लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी सूचना आणि तक्रारींसाठी पेट्या लावायला सांगितल्या, आणि थेट मुख्यालयाकडे लिहिण्यासाठी व्हॉट्सॲप क्रमांकही जाहीर केला. ज्याने दार ठोठावलं तो बाहेर गेला आणि दार थोडं उघडलं. हा न्याय मला पटलेला नाही, पण घडलं असं.

हे सगळं जवानाचं झालं. बायकोचं काय?

तिच्यासाठी पलटणीत फॅमिली वेलफेअर मीट असते. क्वार्टरमध्ये राहणाऱ्या बायका जमतात, सीओची पत्नी पुढे बसते. वरती १९६६ मध्ये आर्मी वाइव्ह्ज वेलफेअर असोसिएशन या नावाने नोंदलेली संस्था, आणि तिच्या शिखरावर लष्करप्रमुखांची पत्नी. शिवणवर्ग, आरोग्य तपासणी, वीरपत्नींना मदत अशी पुष्कळ खरी कामं या संस्थेने केली. पण तिची उतरंड नवऱ्यांच्या हुद्द्यांवर बेतलेली आहे. शिपायाच्या बायकोने कर्नलच्या बायकोला, चहा-समोसा समोर असताना, “मॅडम, आमच्या शाळेच्या बसला ब्रेक नाहीत” असं म्हणायचं तर तिच्या मनात आधी नवऱ्याचं प्रमोशन उभं राहतं. मॅडम कितीही मायाळू असोत.

ब्रिटनमध्ये हाच पेच होता. तिथे १९८२ मध्ये फेडरेशन ऑफ आर्मी वाइव्ह्ज निघालं, आज ते आर्मी फॅमिलीज फेडरेशन म्हणून ओळखलं जातं. ते लष्कराच्या उतरंडीबाहेरून बोलतं. नाव न सांगता एखाद्या बाईचं गाऱ्हाणं थेट मंत्रालयापर्यंत नेऊ शकतं. आपल्याकडे त्या जागी कुणी नाही. ती पोकळी निवृत्त सुभेदार, गावातली माजी सैनिक संघटना आणि एखादा ओळखीचा क्लार्क मिळून भरतात.

खरं म्हणजे आपल्याकडे बाहेरून बोलण्याची परंपरा ब्रिटनच्या जवळपास नव्वद वर्षं आधीची आहे, आणि ती मराठी आहे. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी महारांची सैन्यभरती थांबवली. ज्या घरांत दोन-तीन पिढ्या पलटणीच्या पगारावर आणि पेन्शनीवर जगल्या, पलटणीच्या शाळेत शिकल्या, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. दापोलीला राहणारे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरसेनापतीसाठी विनंतीअर्ज तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी तोच धागा धरला, १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. जवान बोलू शकत नव्हता, पेन्शनर बोलत होता. या अर्जांत नुसती हळहळ नव्हती. आमच्या माणसांनी कुठे कुठे तलवार गाजवली याचा हिशेब मांडला होता. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. अर्ज करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते पाहिलं.

परत घुग्घुसला येऊ. आपली कल्पनेतली सून क्वार्टरमध्ये राहतच नाही. विदर्भातल्या बहुतेक फौजी बायका राहत नाहीत. नवरा फील्डमध्ये असला की कुटुंब सोबत नेता येत नाही, आणि पीस स्टेशनला आला तरी क्वार्टरसाठी नंबर लागावा लागतो. २००२ मध्ये केंद्राने सुमारे दोन लाख घरं बांधायची योजना हाती घेतली, चार वर्षांत पुरी करायची म्हणून. ती पुढे किती वर्षं रेंगाळली ते फौजींनाच विचारावं. मग बायको सासरी राहते, आणि तिचे प्रश्न फौजी उरत नाहीत. धुळीचे, पाण्याचे, सातबाऱ्याचे, दिराने बांध कोरल्याचे होतात. कोळसा, सिमेंट आणि स्पंज आयर्न एकाच गावात नांदत असल्यावर वाळत घातलेली साडी काळी होते. याला सीओ काय करणार?

करू शकतो, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. जवानाने घरच्या अडचणीचा अर्ज दिला की सीओ जिल्हाधिकाऱ्याला किंवा पोलीस अधीक्षकाला पत्र लिहितो: आमचा अमुक जवान सीमेवर आहे, त्याच्या कुटुंबाला अमुक त्रास आहे, कृपया लक्ष घालावे. हे हुकूम नव्हे, विनंतीपत्र आहे. पण कर्नलच्या सहीचं पत्र टपालात वेगळं पडतं. जमिनीचा दावा कोर्टात गेला असेल तर १९२५ चा भारतीय सैनिक (दावे) कायदा आहे. युद्धासारख्या विशेष परिस्थितीत नोकरीवर असलेला सैनिक हजर राहू शकत नाही म्हणून त्याच्या पाठीमागे निकाल लागू नये, यासाठी तो दावा थांबवण्याची तजवीज त्यात आहे. घरातून निघालेल्या भाऊबंदकीवर शंभर वर्षांपूर्वीच्या कायदेमंडळाने केलेला हा उतारा मला मोठा शहाणपणाचा वाटतो. खड्ड्याच्या बाबतीत सीओ सर्वांत आधी करू शकतो ते म्हणजे रजा. जवानाची वर्षाची ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते, आणि घर धोक्यात असल्याचा तहसीलदाराचा किंवा सरपंच-नगराध्यक्षाचा कागद पोचला तर ती लवकर सुटते. फोनवर रडलेलं साहेबाला दाखवता येत नाही, कागद दाखवता येतो.

जिल्ह्यातलं दुसरं ठिकाण म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. चंद्रपूरला ते आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, इंडियन सोल्जर्स बोर्ड निघालं. आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड त्याचंच पुढचं रूप, आणि जिल्ह्याची कार्यालयं ही त्याची पाळंमुळं. जिल्हा सैनिक बोर्डाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात, त्यामुळे इथला कागद महसुलाच्या माणसापर्यंत एका दालनात पोचतो. कार्यालयाचा अधिकारी स्वतः निवृत्त फौजी, हाताखाली कल्याण संघटक. हे कार्यालय फक्त निवृत्तांचं आणि विधवांचं आहे असा गैरसमज आहे. सेवेतल्या जवानाच्या कुटुंबाचंही ते आहे.

तिथे सर्वांत जास्त अडकतं ते नावाशी. मराठी लग्नात नवरीचं नाव बदलण्याची हौस होती, काही घरांत अजून आहे. माहेरची सुनंदा सासरी वैशाली झाली. आधार कार्डावर वैशाली, शाळेच्या दाखल्यावर सुनंदा, आणि नवऱ्याने लग्नानंतर युनिटमध्ये लिहून दिलं तेव्हा त्याला जे आठवलं ते. फौजेत लग्न, मुलांचे जन्म हे सगळं पार्ट टू ऑर्डर नावाच्या कागदाने नोंदलं जातं, आणि रेकॉर्ड ऑफिस त्या कागदाबाहेरची बायको ओळखत नाही. रेकॉर्ड ऑफिस रेजिमेंटनुसार बदलतं: महार असेल तर सागर, मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, गार्ड्स असेल तर कामठी. नवरा जिवंत आणि नोकरीत असताना ही दुरुस्ती एका प्रतिज्ञापत्राने आणि त्याच्या अर्जाने होते. तो गेल्यावर त्याच दुरुस्तीला वर्ष जातं. पेन्शन आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर गेली आहे, आणि संगणकाला सुनंदा आणि वैशाली या दोन बायका वाटतात.

एक गोष्ट बायका शेवटपर्यंत बोलत नाहीत, म्हणून इथे लिहितो. नवरा पैसेच पाठवत नसेल तर? कोर्टात न जाताही पोटगीसाठी लष्कराकडे अर्ज करता येतो. सीओला लिहायचं. चौकशी होते, नवऱ्याचं म्हणणं घेतलं जातं, आणि पगारातून परस्पर कपात करता येते. बायकोसाठी पगार-भत्त्यांच्या २२ टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलासाठी साडेपाच टक्के, सगळं मिळून ३३ च्या वर नाही. हा अर्ज बायकोने स्वतः करायचा असतो. इथे चाळणी नाही.

वर्धेच्या काठावरून पूर्वेला गडचिरोलीकडे निघालं की वर्दीचा रंग बदलतो आणि यातली अर्धी दारं बंद होतात. तिथे नक्षलवाद्यांशी लढणारे आहेत ते पोलीस: सी-६० चे कमांडो, देसाईगंजजवळच्या विसोऱ्याच्या राज्य राखीव दलाच्या गटाचे जवान, केंद्रीय राखीव पोलीस दल. मृत्यू तोच, जंगल तेच. १ मे २०१९ ला जांभूरखेड्याच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि गाडीचा चालक गेले. पण सैनिक बोर्ड पोलिसाचं नाही, सशस्त्र दल न्यायाधिकरण पोलिसाचं नाही. केंद्रीय दलाच्या जवानाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागतं. वर माहिती अधिकाराच्या कायद्यातून ही केंद्रीय दलं भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे विषय सोडून वगळलेली आहेत. लष्कर तसं वगळलेलं नाही. म्हणजे क्वार्टरच्या वाटपाची यादी मागायची तर फौजीच्या बायकोला जे जमेल ते सीआरपीएफवाल्याच्या बायकोला जमणार नाही. नवरा भामरागडच्या मदत केंद्रावर, बायको-पोरं अहेरीत किंवा गडचिरोली शहरात भाड्याने, हा तिथला नेहमीचा संसार.

पोलिसांतही दरबार आहे. समादेशक घेतात, अधीक्षक घेतात. तो पुरला नाही तेव्हा काय झालं ते मुंबईने पाहिलं. १९८२ मध्ये घरं, कामाचे तास आणि वरिष्ठांच्या घरची कामं यांवरून पोलिसांची संघटना पेटली. १५ ऑगस्टला शिपायांनी काळ्या फिती लावल्या, १८ ऑगस्टला नेत्यांना अटक झाली आणि पोलीसच रस्त्यावर उतरले. शहरात लष्कर बोलवावं लागलं. संघटना मोडली. घरांचा आणि तासांचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. त्या अटकांनंतर आठच दिवसांनी चंद्रपूरचे तुकडे होऊन गडचिरोली जिल्हा झाला, आणि राज्यातली सर्वांत अवघड पोलीस नोकरी तिथे तयार झाली.

तोच तासांचा प्रश्न २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यातल्या रवींद्र पाटील या कर्मचाऱ्याने दुसऱ्या पद्धतीने मांडला. “मनुष्यबळ नाही” हे उत्तर त्याने ऐकलं होतं, सगळ्यांनीच ऐकलं होतं. त्याने आहे तेवढ्याच माणसांत तीन पाळ्या कशा बसतात याचं वेळापत्रक करून दाखवलं. आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी मे महिन्यात देवनारमध्येच ते लावून पाहिलं, मग मुंबईभर नेलं. पुढे महिला पोलिसांच्या आठ तासांचा प्रयोग राज्यात झाला त्यात नागपूर आणि अमरावती शहरं होती. व्यवस्था टिकली किती, कुठे मोडली, हा वेगळा विषय. मला यात रस आहे तो एवढाच की वर बसलेल्या माणसाचं “होत नाही” हे उत्तर एका शिपायाने कागदावर खोटं ठरवलं, आणि कुणी त्याला बेशिस्त म्हणू शकलं नाही.

मुंबईच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात तिथल्या पोलीस कुटुंबांची हक्काच्या घरासाठीची लढाई लांबली, पण तिथेही आकडाच खाली आला. २०२२ च्या मे महिन्यात घराची किंमत ५० लाख सांगितली गेली. शिपायाच्या पगारात ५० लाख कसे बसत नाहीत हे कुटुंबांनी पुन्हा पुन्हा दाखवलं. ती २५ वर आली, मग ऑगस्टपर्यंत १५ लाखांवर.

अमेरिकेतल्या सैनिकी बायकांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. खासगी कंपन्यांनी चालवलेल्या लष्करी घरांत बुरशी, शिसं, उंदीर होते. एकटी बाई सांगायची तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा असा सल्ला मिळायचा. २०१९ च्या सुरुवातीला एका कुटुंब-संघटनेने प्रश्नावली फिरवली, सुमारे १७ हजार उत्तरं आली. त्या फेब्रुवारीत बायका सिनेटसमोर साक्षीला बसल्या, आणि वर्षभरात भाडेकरूंच्या हक्कांची सनद निघाली. सतरा हजार जणींत कुणाचा नवरा कोण हे शोधून कुणाला समज देणार?

घुग्घुसमध्ये सतरा हजार नकोत. एका वॉर्डातली चार फौजी, दोन पोलीस घरं आणि एक माजी सुभेदार एकत्र आले तरी अर्जावर सात सह्या होतात आणि पॉइंट कुणा एकीचा राहत नाही. अर्जात भिंतीच्या भेगेची तारीख, लांबी आणि फोटो. मागणी एकच आणि ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे: भूगर्भ तपासणी वेकोलिकडे, तात्पुरता निवारा तहसीलदाराकडे, रजा युनिटकडे. तिन्ही एका कागदात कोंबली की तिन्ही कार्यालयं तो एकमेकांकडे पाठवत राहतात. प्रत सैनिक कल्याण कार्यालयाला, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का.

तिथे खिडकीशी पहिला प्रश्न मात्र भेगेचा नसतो.

“आर्मी नंबर सांगा जी.”

“त्यायले विचारून सांगते.”

“फोन लागते का त्यायचा?”

लागत नाही. नंबर, रेजिमेंट, रेकॉर्ड ऑफिस, युनिटचा टपाल पत्ता या चार ओळी घरात कुठेतरी असतात, बहुधा ट्रंकेत, नवऱ्याच्या जुन्या रजापासवर. ती ट्रंक त्या भेगाळलेल्या खोलीत, आणि खोलीला आता कुलूप.

“मग उद्या या जी,” संघटक म्हणतो, आणि अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आजची तारीख टाकून ठेवतो.